तिसऱ्या आकारात वारलेल्या बाईचे मृत्युपत्र

मंगळवार, दिनांक ११ मार्च २०२५ रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, चहाचा दुसरा घोट घेताना, मी वारले असल्याचे मला समजले. बातमी आमच्याच दैनिकाच्या सहाव्या पानावर, तिसऱ्या रांगेत, खालून दुसऱ्या चौकटीत होती. चौकट सर्वांत लहान आकाराची. फोटो नाही. कविता नाही. "दैनिकाच्या सेवानिवृत्त कर्मचारी श्रीमती अमुक अमुक वारल्या. कळावे."

सबब मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, अविवाहित, गुडघ्यांनी कुरकुरणारी पण डोक्याने लख्ख, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या संतापावरून, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवीत आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र, ज्यात मी सगळे पुतण्याला देऊन टाकले होते, ते रद्द समजावे. त्या वेळी मी कधी मेलेली नव्हते. आता मला अनुभव आहे.

१. हे मृत्युपत्र का लिहावे लागले, याबद्दल

मी चौतीस वर्षे त्या दैनिकाच्या शोकविभागात काम केले. लोक आपले माणूस गेल्याची जाहिरात घेऊन काउंटरवर येत आणि मी त्यांना चार ओळींची कविता करून देई. मोठ्या चौकटीला चार ओळी, मधल्या चौकटीला दोन, लहान चौकटीला काही नाही. शहरातली निम्मी श्रीमंत माणसे माझ्या यमकात गेली आहेत.

मरणापुढे सगळे सारखे, असे कवी म्हणतात. त्यांनी आमचे सहावे पान पाहिलेले नाही. मोठ्या चौकटीतला माणूस अनंतात विलीन होतो. मधल्या चौकटीतल्याचे दुःखद निधन होते. लहान चौकटीतला वारतो. विशेषणांची मी एक वही ठेवली होती, तीत आकारवार याद्या होत्या. "दानशूर" फक्त मोठ्या चौकटीसाठी. "मनमिळाऊ" मधल्यासाठी. "कष्टाळू" हे लहान चौकटीतल्या लोकांना फुकट मिळे, आणि चौतीस वर्षांत मोठ्या चौकटीच्या एकाही गिऱ्हाइकाने ते मागितले नाही.

तेव्हा मला जिवंतपणी मारले, याचा राग नाही. चुका होतात. मला तिसऱ्या आकारात मारले, याचा आहे.

चूक कशी झाली तेही सांगते, कारण तीत माझा थोडा हात आहे. आमच्याकडे रीत अशी, की कर्मचारी निवृत्त होतो त्याच दिवशी त्याची शोकचौकट तयार करून खणात ठेवायची, फक्त तारीख मोकळी. निरोपाचा हार एका हातात आणि आपली चौकट तपासायला दुसऱ्या हातात. मग दरवर्षी निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला भरून पाठवायचा, आणि ज्याचा रकाना कोरा आला त्याची चौकट खणातून बाहेर काढायची. यंदाच्या दाखल्यात "आपण हयात आहात काय?" या प्रश्नापुढे मी काही लिहिले नाही. सोबत चिठ्ठी जोडली, की हा प्रश्न पंधराव्यांदा विचारणाऱ्यांनी आधी आपल्या मेंदूची चौकशी करावी. चिठ्ठी कोणी वाचली नाही. कोरा रकाना मात्र वाचला.

सव्वासातला मी फोन केला. तो संवाद जसाच्या तसा देते.

"नमस्कार, शोकविभाग. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

"आजच्या सहाव्या पानावरच्या चौकटीबद्दल बोलायचंय. तिसरी रांग, खालून दुसरी."

"हं, मिळाली. आपण त्यांच्या कोण?"

"मीच ती."

"नाही, नात्याने कोण लागता?"

"स्वतः लागते."

थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज. मग ती बाई म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे त्या गेल्याची नोंद आहे. तुम्ही असं करा, वारसांना कागदपत्रं घेऊन पाठवा."

"आणि खुलासा छापाल?"

"छापू ना. लहान चौकटीत."

"कविता घालाल?"

"लहान चौकटीत कविता घालत नाहीत, मॅडम. नियम आहे. शाळेच्या पाटीएवढा फलक लावलाय इथे."

तो फलक मला माहीत आहे. तो का माहीत आहे, ते चौथ्या कलमात येईल.

२. पुतण्याबद्दल

माझ्या दिवंगत भावाचा मुलगा, ज्याच्याकडे माझ्या घराची जादा किल्ली होती, तो त्याच दिवशी साडेनऊ वाजता घर उघडून आत आला. सोबत एक घरांचा दलाल. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. दोघे सरळ पुढच्या खोलीत गेले. मोजपट्टी सरकन ओढल्याचा आवाज आला.

"अकरा बाय चौदा," पुतण्या म्हणाला.

"तेरा," मी आतून म्हणाले. "कपाटामागे पोपडे धरलेत, ते मोजू नकोस."

तो दारात आला आणि उभाच राहिला. "आत्या. तू घरीच?"

"मग कुठे असायला हवी होते?"

"नाही, म्हणजे, पेपरात आलंय ना. मी तसाच निघालो. धावत."

"मोजपट्टी वाटेत मिळाली वाटतं."

दलाल बिचारा कामाचा माणूस. त्याने मला नमस्कार केला आणि विचारले, "ताई, या खिडकीला सकाळचं ऊन येतं का?" मी म्हटले, येते, मार्चात साडेआठपर्यंत. त्याने लिहून घेतले. त्या दिवशी माझ्याशी सरळ बोलणारा तो पहिला माणूस.

पुतण्याला मी लोखंडी कपाट देते, त्याचे माप त्याच्याकडे आहेच. तो घाईत टाकून गेला ती मोजपट्टीही त्यालाच परत. तो वाईट नाही. दुसऱ्या दिवशी फळे घेऊन आला आणि कोपऱ्यात बसून रडला, काही अंशी माझ्यासाठी. किल्ली मी काढून घेतली आहे. माझ्या दोन खोल्या त्याला मिळणार नाहीत.

३. सिस्टरांबद्दल, ज्यांना द्यायला माझ्याकडे काही नाही

मी कॉन्व्हेंटात शिकले. वडील दुसऱ्यांच्या गाडीचे ड्रायव्हर होते आणि त्या गाडीच्या मालकांनी फी भरली. वर्गात मी मालकांच्या मुलीशेजारी बसे, आणि सुट्टी झाली की ती मागच्या सीटवर नि मी पुढे वडिलांशेजारी. कविता शिकवणाऱ्या सिस्टरांनी हे खिडकीतून रोज पाहिले असणार. एकदा मी गरिबीवर चौदा कडव्यांची कविता लिहून नेली. त्यांनी वाचली, तेरा कडवी खोडली आणि म्हणाल्या, "दोन गोष्टी शेजारी ठेव आणि तोंड मिट. भांडण वाचणाऱ्याला करू दे."

विरोध म्हणजे एवढेच, आणि कवितेतले निम्मे काम तोच करतो. राजाचा पुतळा उभा करा आणि पायाशी चणे विकणारा बसवा, झाले. उपरोध त्याच्या पुढची पायरी. त्यात तुम्ही गोड बोलता आणि खरी परिस्थिती तुमच्या पाठीमागे उभी राहून तोंड दाबून हसते. एका बड्या घरमालकासाठी मी ओळ लिहिली होती: "यांच्या दारात कोणी उपाशी उभा राहिला नाही." घरच्यांनी ती मोठ्या अक्षरात छापून घेतली. ओळ शंभर टक्के खरी होती. त्यांच्या दारात दोन कुत्री होती.

सिस्टर गेल्या तेव्हा त्यांच्या मठाने लहान चौकट दिली. मी काही करू शकले नाही. नियम होता.

४. कबुली

हे कलम मन घट्ट करून लिहिते, पण लिहिताना हसू येते, त्याला इलाज नाही.

१९८४ साली एकाच दिवशी दोन बायका गेल्या. एक आमच्या दैनिकाच्या मालकांच्या मातोश्री. दुसरी आमच्या छापखान्याची फरशी पुसणारी, जिला आम्ही सगळे मावशी म्हणत असू. मातोश्रींना पहिल्या पानावर मोठी चौकट. मावशीला सहाव्या पानावर लहान, आणि तीही आम्ही काउंटरवरच्यांनी मिळून दिलेली. त्या काळी लहान चौकटीत कविता घालायची पद्धत नव्हती, पण तसा लेखी नियमही नव्हता. मी दोघींसाठी चार-चार ओळी लिहिल्या. मातोश्रींसाठी:

थांबले रस्ते, झुकल्या कमानी,
निरोप द्यायला शहर आले;
गेली घरातून घराची राणी,
सारे वैभव पोरके झाले.

मावशीसाठी:

सगळ्यांआधी उठली, दार उघडून गेली,
सगळ्यांनंतर निजली, दिवे मालवून;
जन्मभर पुसल्या ज्या पायऱ्या हातांनी
त्यांवरून उतरली, पाऊल न वाजवून.

आमचे जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारे गृहस्थ, यांनी दोन्ही चौकटी जुळवल्या आणि मला बघायला बोलावले. दोन्ही खऱ्या होत्या. दोन्ही निर्जीव होत्या. राणीला राणी म्हटले आणि झाडणारीला झाडणारी, यात मी काय केले? मी जुळाऱ्यांना म्हटले, "यांची जागा बदला."

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "बाई, नोकरी जाईल."

"कोणाची?"

"ते अजून ठरलेलं नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी ओळी बदलल्या.

सकाळी शहराने वाचले, की मालकांच्या मातोश्री जन्मभर पायऱ्या पुसत होत्या आणि आमच्या मावशीसाठी रस्ते थांबले, कमानी झुकल्या. मी कपाळाला हात लावून बसले होते, तेवढ्यात मालक स्वतः शोकविभागात आले. डोळे लाल. म्हणाले, "माझी आई बरोब्बर अशीच होती. कोणी तिला ओळखलंच नव्हतं." आयुष्यात ते माझ्याशी बोलले ती एवढी दोनच वाक्ये. मातोश्रींनी हातात फडके धरल्याचे कोणी पाहिले नव्हते, पण मुलाला ते दिसले, आणि मला त्यांना खोटे पाडवेना. पुढे त्याच चार ओळी त्यांनी शहरातल्या सर्वांत मोठ्या बागेत, कारंज्यासमोरच्या संगमरवरी बाकावर कोरून घेतल्या.

थोडक्यात, या शहरात संगमरवरी स्मारक असलेली एकमेव झाडूवाली आमची मावशी आहे. बाक हलवू नये.

व्यवस्थापकांना मात्र मावशीची चौकट सोसली नाही. "बाई, लोक हसतायत. फरशी पुसणारीला कमानी झुकल्या म्हणे. चूक कोणाची?" मी तोंड उघडायच्या आत जुळारी म्हणाले, "माझी. चष्म्याला तडा गेलाय." त्यांना सहा महिने लिलावाच्या जाहिरातींवर टाकले. आणि मला एक नियम लिहायला सांगितला: लहान चौकटीत यापुढे कविता छापली जाणार नाही. मी तो लिहिला. सुवाच्य अक्षरात. खाली माझी सही आहे. मला नोकरी हवी होती.

तोच फलक अजून तिथे आहे. त्या दिवसापासून आजपर्यंत, सिस्टर धरून, या शहरातले सगळे कष्टाळू लोक माझ्या सहीने मुके वारले. गेल्या मंगळवारी मीही.

५. जुळाऱ्यांबद्दल

त्यांना काही देणार होते. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. मी जुळाऱ्यांना विचारले, तुम्हाला वस्तू हवी की साक्ष करायला आवडेल? ते म्हणाले, "लिलावाच्या जाहिराती वाईट नव्हत्या. पण ती चूक माझी नव्हती, एवढं एकदा लिहून ठेवा." लिहून ठेवले. चूक त्यांची नव्हती. चूकच नव्हती.

६. मावशीच्या मुलीबद्दल

मंगळवारी दुपारी बारा वाजता दार वाजले. मावशीची मुलगी. आता पन्नाशी ओलांडलेली, दोन गल्ल्या पलीकडे तिचे कपडे आल्टर करण्याचे दुकान आहे. तिथे आईची चौकट फ्रेम करून शिलाई मशीनच्या वर लावली आहे. गिऱ्हाइके विचारतात, "तुमची आई राणी होती?" ती म्हणते, "हो, फरशीची." रविवारी ती बागेतल्या बाकावर डबा खाते. का, ते तिला, मला आणि जुळाऱ्यांनाच ठाऊक.

मी दार उघडले तर ती माझ्याकडे बघून लालबुंद झाली.

"बाई, तुम्ही जिवंत आहात?"

"दिसतेय तरी."

"मी दुकान बंद करून आले. तीन ब्लाउज आज द्यायचे होते."

"माफ कर. पुढच्या वेळी कळवून मरेन."

ती आत येऊन बसली, पाणी प्याली, आणि मग हातातला कागद लपवायला लागली. मी ओढून घेतला. ती म्हणाली, "तुमच्या चौकटीत कविता नव्हती. मला वाटलं, घाईत राहिली असेल. म्हणून मी जरा." कागदावर, कापडाचे हिशेब खोडून, लिहिले होते:

साऱ्या गावाला मापाचे हिने शब्द शिवून दिले,
हिच्यापुरती उरली नाही वीतभरसुद्धा चिंधी;
जिभेच्या कात्रीला भिऊन सगळे लांब राहिले,
टाके किती मऊ होते, हुकली बघायची संधी.

मी सांगितले, की तिसरी ओळ ओढाताण करते आणि मी मऊ नाही. ती म्हणाली, "मग बदला." मी पेन घेतले, दहा मिनिटे बसले, आणि एक अक्षर बदलता आले नाही. मग आम्ही दोघी अशा हसलो, की वरच्या मजल्यावरच्यांनी जमीन ठोकली. घरात मयत झालेली असताना हे शोभत नाही, असे त्यांना वाटले असावे.

तरी माझ्या दोन्ही खोल्या, खिडकीजवळच्या टेबलासह, मी मावशीच्या मुलीला देते. अट एकच. आठवड्यातून एक दुपार तिने त्या टेबलाशी बसावे, आणि ज्यांच्या घरी लहान चौकटीएवढेच जमते त्यांना दोन ओळी करून द्याव्यात. त्यांच्या माणसाने आयुष्यभर काय केले ते नीट विचारून घ्यावे. विशेषणांची वही तिला मिळेल, ती तिने पहिल्याच दिवशी जाळावी. ती "आधी दुकानाचं बघू" म्हणाली आहे. याला मी होकार समजते.

माझी सर्व बचत त्या दोन-दोन ओळींच्या छपाईसाठी राहील. पण नियम रद्द झाल्याशिवाय ते पैसे निरुपयोगी आहेत, आणि तिने लिहिलेल्या ओळी टेबलावरच पडून राहतील. म्हणून सातवे कलम.

७. नियमाबद्दल

दैनिकाचे सध्याचे व्यवस्थापक हे त्या मालकांचे नातू आहेत. या मृत्युपत्राची एक प्रत त्यांना आजच टपालाने जात आहे, म्हणजे आपल्या पणजींच्या बाकावर कोणाचे गुण कोरले आहेत हे त्यांना आता कळेल. मला त्यांच्याकडून दोन गोष्टी हव्यात. माझ्या सहीचा तो फलक उतरवावा. आणि जुळाऱ्यांना, ते नव्वदीला पोचण्याआधी, एक पत्र लिहून त्यांच्यावरचा ठपका काढावा. हे झाले तर चौथे कलम माझ्या मृत्यूनंतरही बंद पाकिटात राहील आणि मातोश्री कायमच्या कष्टाळू राहतील.

झाले नाही, तर रविवार, दिनांक ६ एप्रिल २०२५ रोजी सकाळी दहा वाजता, बाग भरलेली असताना, मी बाकावर उभी राहून चौथे कलम मोठ्याने वाचीन. जुळारी मला हात देतील. वकील म्हणतात, मृत्युपत्र मृत्यूपूर्वी अमलात येत नाही. मी त्यांना सहावे पान दाखवले.

८. किरकोळ

चहाचा मोठा कप शेजारच्या डॉक्टरीणबाईंना द्यायचा होता, पण त्याही साक्षीदार, म्हणून तो मी मरण्यापूर्वी स्वतः नेऊन देईन. वरच्या मजल्यावरच्यांना माझी क्षमा देते, अर्धी. पुढच्या वेळी मी वारणार नाही, अनंतात विलीन होणार नाही, दुःखद निधनही नको. "गेली" लिहावे. खाली शिंपिणीच्या चार ओळी, एका अक्षराचाही फेरफार न करता.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, दोन ठिकाणी स्वतःवर खूश झाले, आणि सही केली.

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: सोमवार, १७ मार्च २०२५
(सही)

साक्षीदार पहिले: निवृत्त जुळारी. "बाईंनी माझ्यासमोर सही केली. चष्म्याला तडा नाही. तेव्हाही नव्हता." (सही)

साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या दवाखान्यातील डॉक्टरीणबाई. "बाईंना तपासले. नाडी, रक्तदाब आणि स्मरणशक्ती उत्तम. स्वभावाला औषध नाही." (सही)

प्रत: व्यवस्थापक, दैनिकाचे कार्यालय.

महाशय, कलम सातमधील दोन्ही गोष्टींबाबत आपले उत्तर लेखी, सहीशिक्क्यासह, सोमवार, दिनांक ३१ मार्च २०२५ रोजी सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी माझ्या हाती पडले पाहिजे. पाच वाजून एक मिनिटाने आलेले उत्तर घेतले जाणार नाही. पाकिटावर नाव माझे घालावे, वारसांचे नाही.